ज्यूद्वेषाची तक्रार पंचायतीत आली तर : काय करायचे आणि कोणत्या क्रमाने

किनारपट्टीच्या गावांत एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. ऐन हंगामात एखाद्या सकाळी गेस्ट हाऊसच्या भिंतीवर ज्यू लोकांविषयी घाणेरडा मजकूर रंगवलेला सापडतो. पंच येतात, ‘भायल्यांचे (बाहेरच्यांचे) भांडण, आपल्याला काय’ म्हणतात, माणूस लावून चुना फासतात आणि दुपारपर्यंत विषय संपतो. एका घराच्या कुंपणावर असाच स्प्रेच्या रंगावर नुसता चुना मारला होता. जूनचा पहिला पाऊस झाला आणि अक्षरे एकेक करून पुन्हा वर आली. तोवर फोटो कोणी काढलेला नव्हता, पोलिसांत नोंद नव्हती, शेजारच्या कॅमेऱ्यातले चित्रण कधीच पुसले गेले होते. घराची मालकीण, आपल्याच गावची बाई, फाटकात उभी राहून ती अक्षरे वाचत होती. तिला सांगण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते.

हा लेख सरपंच, पंच, पंचायत सचिव, नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांच्यासाठी आहे. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. त्यातल्या हणजूण, हरमल, मोरजी, काणकोणच्या बाजूला हा प्रश्न आधी येतो, कारण इस्रायली पाहुणे तिथे जास्त उतरतात. पण ज्यू म्हणजे फक्त इस्रायली नव्हे. मुंबई, ठाणे, पुण्याहून सुटीला येणारे पेणकर, रोहेकर आडनावाचे कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या जुन्या ज्यू समाजाचे, असू शकते, आणि त्यांच्या घरात मराठीच बोलतात. ‘विदेशी नागरिकांचा विषय’ असा शेरा मारून फाईल बंद करणारा सचिव इथेच पहिल्यांदा चुकतो.

## टप्पा १ : कशाला ज्यूद्वेष म्हणायचे ते आधी ठरवा

हा टप्पा घाईत उरकू नका. पुढचे बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात.

माणसाला तो ज्यू आहे म्हणून धमकी, शिवी, मारहाण किंवा नुकसान झाले तर तो ज्यूद्वेष. प्रार्थनाघराची, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाची नासधूस झाली तर तोही. मेझुझा म्हणजे आत शिरताना उजव्या हाताला चौकटीवर तिरकी ठोकलेली बोटभर लांबीची डबी. तिच्यात धर्मग्रंथातला मजकूर लिहिलेली गुंडाळी असते. डबी उपटून टाकणे म्हणजे आपल्याकडे कोणी तुळशीवृंदावन फोडण्यासारखे आहे. ‘सगळे ज्यू मिळून जगाचा पैसा आणि सत्ता चालवतात’ अशी पत्रके वाटणे, हिटलरने केले ते बरे केले असे लिहिणे, हे सगळे त्यात येते. साठ लाख ज्यूंची कत्तल झालीच नाही असे सांगणेही त्यातच मोडते.

आता दुसरी बाजू. इस्रायल सरकारच्या धोरणावर, गाझातल्या युद्धावर टीका करणे म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. परवानगी घेऊन निदर्शने करणारे, पॅलेस्टाईनचा झेंडा लावणारे लोक आपला हक्क वापरत असतात. त्यांना अडवण्याचे पंचायतीला कारण नाही. मात्र तोच जमाव प्रार्थनाघराच्या फाटकावर गेला, किंवा रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या ज्यू कुटुंबाला घेरून त्या युद्धाचा जाब विचारू लागला, तर प्रकरण बदलते. दूरच्या सरकारने केलेल्या गोष्टीसाठी समोरच्या माणसाला त्याच्या धर्मावरून जबाबदार धरले जात आहे का, एवढे पाहा.

स्वस्तिकाचे काय? आपल्या उंबऱ्यावर, लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या नव्या चोपडीवर स्वस्तिक असते, आणि पाहुण्याने घाबरून तक्रार केली तर त्याला नीट बसवून ते समजावून सांगायचे. घरधन्याला ते पुसायला लावायचे नाही. नाझींचे चिन्ह बहुतेक वेळा तिरके, काळे, पांढऱ्या वर्तुळात असते. पण नुसत्या तिरकेपणावर निर्णय घेऊ नका. कुठे काढले आहे, शेजारी काय लिहिले आहे, कोणाला दिसावे म्हणून काढले आहे, यावरून ठरवा. दाराशी रांगोळीत काढलेले आणि रात्रीतून ज्यू प्रार्थनाघराच्या भिंतीवर काळ्या रंगाने काढलेले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासा : तक्रार वाचून एका वाक्यात लिहा, ‘कोणी, कोणाला, काय केले आणि ज्यू असण्याचा त्याच्याशी संबंध कशावरून’. हे वाक्य लिहिता येत नसेल तर माहिती अपुरी आहे. तक्रार नाकारू नका, अजून विचारा.

## टप्पा २ : तयारी हंगामाआधी, सप्टेंबरात

ऑक्टोबरात शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी उपाहारगृहे, उभे राहू लागले की पंचायतीत कोणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हणून ही कामे त्याआधी उरकायची.

१. एक पंच आणि एक कर्मचारी नेमा, नावानिशी. दोघांपैकी एकाने तरी धड इंग्रजी बोलावे. नेमणूक बैठकीच्या इतिवृत्तात लिहा, नाहीतर वेळ आली की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

२. पोलीस ठाण्याचा, पर्यटन पोलिसांचा, मामलेदार आणि गटविकास अधिकाऱ्याचा क्रमांक एका कागदावर. हा कागद कपाटात ठेवू नका, भिंतीवर लावा. ११२ सगळ्यांना पाठ असावा.

३. तुमच्या हद्दीत ज्यू प्रार्थनाघर किंवा सामूहिक जेवणाची जागा चालत असेल तर तिथल्या प्रमुखांना जाऊन भेटा. तक्रार घेऊन नव्हे, ओळख करून घ्यायला. २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून या जागा सावध असतात. त्यामुळे त्यांचा पत्ता, नकाशा, फोटो पंचायतीच्या फलकावर किंवा समाजमाध्यमांवर टाकू नका.

४. दिनदर्शिकेवर खूण करा. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. पाळणारे ज्यू त्या काळात फोन उचलत नाहीत, लिहीत नाहीत, सही करत नाहीत, गाडीत बसत नाहीत. शुक्रवारी रात्री घटना घडली आणि तुम्ही ‘उद्या सकाळी येऊन सही करा’ म्हणालात तर तो माणूस येणार नाही. तो टाळतो आहे असा तुमचा ग्रह होईल आणि तक्रार तिथेच मरेल. तोंडी माहिती तुम्ही लिहून घ्या, साक्षीदाराची सही घ्या, तक्रारदाराची सही शनिवारी रात्री किंवा रविवारी. जिवाचा धोका असेल तर धर्मानेच हे नियम बाजूला ठेवायला सांगितले आहे, तेव्हा तातडीच्या वेळी मदत द्यायला अजिबात थांबू नका.

हनुक्का हा ज्यूंचा सण बहुतेक डिसेंबरात येतो, आठ रात्री दिवे लावतात, आणि तो उघड्यावर साजरा करायचा असेल तर परवानगीचा अर्ज येतो. नाताळच्या किंवा गणेशोत्सवाच्या अर्जाला जे नियम तेच त्याला. जास्तीची अट नको, खास सूटही नको.

इशारा : इस्रायली पाहुण्यांची यादी बनवायला बसू नका. विदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत ठरलेल्या नमुन्यात भरून देणे हे घरमालकाचे आणि हॉटेलचे काम आहे, आणि ती परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेकडे जाते. धर्मावर आधारलेली यादी पंचायतीत पडून राहणे हाच एक धोका आहे.

## टप्पा ३ : पहिला तास

क्रम असा. आधी माणूस, मग पुरावा, मग पोलीस, भिंत शेवटी.

माणूस सुरक्षित आहे का ते पाहा. जखम असेल तर रुग्णवाहिका, धमकी देणारा आसपास असेल तर ११२. तक्रारदाराला पंचायत घरात चहा द्या, बसवा, एकटे सोडू नका. त्याला समजेल अशी भाषा बोलणारा माणूस बोलवा. मालकीण, वाटाड्या किंवा शॅकवाला मध्ये बोलू लागला तर त्याचे म्हणणे वेगळे लिहा, तक्रारदाराच्या तोंडी घालू नका.

पुरावा घ्या. लांबून फोटो, ज्यात रस्ता, विजेचा खांब, घर दिसेल. मग मध्यम अंतरावरून, मग अगदी जवळून. अक्षरांची उंची कळावी म्हणून शेजारी साधी मोजपट्टी धरा. रंगाचा डबा, फेकलेले कागद, फुटलेली काच हाताने उचलू नका. त्याच दिवशी आसपासच्या दुकानदारांना लेखी विनंती द्या की कॅमेऱ्यातले चित्रण जपून ठेवावे. बहुतेक यंत्रे काही दिवसांत जुन्यावर नवे लिहितात आणि इथेच पुरावा सर्वांत जास्त हातातून जातो. चित्रण न्यायालयात चालायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा यंत्र कोणाचे, कोण चालवतो, हे आत्ताच लिहून घ्या.

मजकूर व्हॉट्सॲपवर असेल तर गटाचे नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक, दिवस आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ संदेश तसाच राहू द्या. ‘बघा काय चालले आहे’ म्हणून तो पुढे ढकलू नका. द्वेषाचा मजकूर पसरवायला पंचानेच हातभार लावला, असे व्हायला नको.

आवक नोंदवहीत क्रमांक टाका, तक्रारदाराच्या प्रतीवर शिक्का आणि वेळ. ‘तोंडी मिटले’ हा शेरा या प्रकरणात बाद आहे.

## टप्पा ४ : पोलिसांकडे, त्याच दिवशी

गुन्हा आहे की नाही हे ठरवणे पंचायतीचे काम नाही. माहिती पोहोचवणे हे आहे. पत्र पंचायतीच्या लेटरहेडवर, सचिव व सरपंच दोघांच्या सहीने, पोचपावतीसह. तक्रारदाराने स्वतःही तक्रार द्यावी, पण तो परवा विमानाने जाणार असेल तर पंचायतीचे पत्र मागे उभे राहते. म्हणून ते आवश्यक आहे.

पत्रात कलमे सुचवली तर हरकत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, जुन्या दंड संहितेची १५३ अ आणि २९५ अ ही कलमे लिहू नका. धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा यांवरून समाजासमाजांत वैर पेटवण्याला कलम १९६ आहे, प्रार्थनास्थळाची विटंबना वा नासधूस केल्यास २९८, धार्मिक भावना जाणूनबुजून दुष्ट हेतूने दुखावल्यास २९९. धमकीला ३५१, मालमत्तेच्या नुकसानाला ३२४.

ठाण्यावर ‘हद्द आमची नाही’ म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ दाखवा. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. ईमेलने दिली तर तीन दिवसांत सही करायची असते. नोंदच घेतली नाही तर लेखी माहिती टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. एक गोष्ट तक्रारदाराला आधीच सांगा. कलम १९६ आणि २९९ खाली न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते, त्यामुळे वेळ जातो. एफआयआर नोंदवायला मंजुरी लागत नाही. हे न सांगितल्यामुळे सहा महिन्यांनी ‘काहीच झाले नाही’ असा समज होतो आणि पुढची तक्रार कोणी देत नाही.

नागरिक नसलेल्याला हक्क कुठले, असे विचारणारा एकजण प्रत्येक बैठकीत भेटतो. राज्यघटनेचे कलम १४ आणि २१ प्रत्येक व्यक्तीसाठी आहे, फक्त नागरिकांसाठी नाही. धर्म पाळण्याचे २५ वे कलमही सर्व व्यक्तींना लागू आहे.

तपासा : पोलिसांची पोचपावती फाईलमध्ये लागली का? एफआयआर क्रमांक मिळाला का? फोटोंची प्रत पंचायतीकडे राहिली का? तिन्हींना ‘हो’ आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ५ : भिंत साफ करणे

पोलिसांचा पंचनामा झाला की त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या सकाळी. उशीर झाला तर रोज ये-जा करणाऱ्या माणसाला ती अक्षरे रोज वाचावी लागतात, आणि गावाला ते चालते असा अर्थ निघतो.

स्प्रे तेलकट असतो, त्यावर चुना धरत नाही. आधी थिनरच्या फडक्याने किंवा तारेच्या ब्रशने जितका निघेल तितका काढा. मग डाग अडवणारा प्रायमर, तो पूर्ण वाळल्यावर बाहेरच्या भिंतीचा रंग. जांभ्या दगडावर थिनर जपून वापरा. दगड सच्छिद्र असल्यामुळे रंग आत शोषला जातो, तिथे ब्रश आणि पाणी बरे, आणि थोडी सावली मागे राहणारच. मालकाची लेखी संमती घ्या, खर्च पंचायतीने करावा. सार्वजनिक भिंत असेल तर मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा राज्याचा १९८८ चा कायदाही पत्रात लिहा.

## टप्पा ६ : गावाला काय सांगायचे

अफवा आपल्याकडे पायलटच्या (भाड्याने नेणाऱ्याच्या) मोटरसायकलपेक्षा वेगाने धावते. म्हणून चोवीस तासांत छोटी सूचना लावा, पंचायतीच्या फलकावर, शक्य तर चर्च, देऊळ आणि मशिदीच्या फलकावरही. नमुना असा :

‘या पंचायत क्षेत्रात धर्म, वंश, भाषा किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही धमकावणे किंवा कोणाच्या घराची वा प्रार्थनास्थळाची नासधूस करणे पंचायत खपवून घेणार नाही. ज्यू रहिवासी आणि पाहुण्यांनाही हे पूर्णपणे लागू आहे. अमुक तारखेला घडलेल्या घटनेची माहिती पोलिसांना देण्यात आली आहे. कोणाकडे माहिती असल्यास सचिवांशी संपर्क साधावा.’

‘ज्यू’ शब्द टाळू नका. ‘काही समाजकंटकांनी एका समाजाविरुद्ध’ अशी गुळमुळीत भाषा वाचून ज्याच्यावर हल्ला झाला त्याला वाटते की आपले नाव घ्यायलाही हे घाबरतात. पीडिताचे नाव, राहण्याची जागा मात्र लिहू नका. संशयिताचेही नाही. रंगवलेला मजकूर उद्धृत करू नका, फोटो लावू नका. आणि सूचनेत युद्धाविषयी एकही वाक्य नको, कोणत्याच बाजूचे.

## टप्पा ७ : ग्रामसभा

ग्रामसभेत हा विषय निघाला की दहा मिनिटांत तो रात्रीच्या पार्ट्यांवर येतो. भाडेकरू बिल बुडवतात, गाड्या बेफाम चालवतात, मध्यरात्रीपर्यंत संगीत वाजते. या तक्रारी खऱ्या आहेत. पेडण्यातल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री झोप लागत नसेल तर त्याचे दुःख काही द्वेषातून आलेले नाही, आणि त्याला तसे सुनावले तर तुम्ही त्याला कायमचे गमावता.

म्हणून सभापतीने दोन वेगळे विषय करावेत, कार्यक्रमपत्रिकेवरच. आवाजाचा विषय कृतीचा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, तो रशियन वाजवो, इस्रायली वाजवो की दिल्लीचा. बिल बुडवले तर त्या माणसावर तक्रार. पण ‘इस्रायलींना खोल्या देऊ नयेत’ असा ठराव आला तर सभापतीने तो मतालाच टाकू नये. पंचायत ही राज्यघटनेच्या कलम १२ च्या अर्थाने ‘राज्य’ आहे, आणि एका गटाला सरसकट वगळणारा ठराव समानतेच्या कलमापुढे टिकणार नाही. सचिवाने हे मत इतिवृत्तात लिहून ठेवावे, म्हणजे उद्या प्रश्न आला तर कागद असतो. याचीच दुसरी बाजूही तितक्याच काटेकोरपणे पाळा. ‘फक्त इस्रायलींना प्रवेश’ अशी पाटी कुठल्या उपाहारगृहावर दिसली तर तिचीही चौकशी व्हायला हवी. स्थानिकाला दारातून परत पाठवले गेले तर तो राग कुठे जातो हे आपण पाहिलेले आहे.

व्यवसाय परवान्याचे अर्ज आणि कार्निव्हल-शिगम्याच्या चित्ररथांची यादी मंजूर करताना नाव आणि चित्र एकदा डोळ्यांखालून घाला. २००६ साली नवी मुंबईत हिटलरच्या नावाने उपाहारगृह निघाले, ज्यू समाजाने विरोध केल्यावर नाव बदलावे लागले. मालकाला बऱ्याचदा ठाऊकच नसते, आपल्याकडे कडक मास्तरालाही मुले हिटलर म्हणतात. अर्ज टेबलावर असतानाच बोलले तर पाटी रंगवायचा खर्चही वाचतो.

इशारा : समेट घडवून आणायला सरपंचाने पीडित आणि आरोपीला समोरासमोर बसवू नये. जमिनीच्या कज्ज्यात हे चालते. इथे पीडिताला माफ करायला भाग पाडल्यासारखे होते.

## टप्पा ८ : नंतरचे काम

पंधरा दिवसांनी तक्रारदाराला फोन, तो परदेशात असला तरी. प्रकरण कुठवर आले ते सांगा, नवीन काही नसेल तरी सांगा. मुलगा पकडला गेला आणि तो गावातलाच अल्पवयीन निघाला, असे होऊ शकते. तेव्हा पोलीस आणि बाल न्याय मंडळ आपले काम करतील. पंचायतीने शाळेशी बोलावे. २७ जानेवारी हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला ज्यू हत्याकांडाचा स्मरणदिन प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी येतो, शाळा उघड्या असतात, एक तास पुरतो. मुलांना युरोपपासून सुरुवात करून देऊ नका. रायगडच्या तेलाच्या घाण्यांपासून करा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे लोक, मालिदा या धार्मिक विधीच्या प्रसादासाठी पोहे, गूळ आणि खोबरे कालवणारे, मराठीत कीर्तन करणारे ज्यू. ते ऐकल्यावर मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागतात.

वर्षाच्या शेवटी नोंदवही उघडा आणि प्रत्येक तक्रारीपुढे चार गोष्टी भरा : पोलिसांना कधी कळवले, भिंत कधी साफ झाली, तक्रारदाराशी शेवटचे बोलणे कधी, पुढे काय बाकी. रकाना रिकामा असेल तर तो जबाबदार पंचाने बैठकीत वाचून दाखवावा.

आणि जूनमध्ये, पहिला जोरदार पाऊस होऊन गेला की, छत्री घेऊन त्या भिंतीपाशी एकदा जाऊन या.